पुढची फुली

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेलो, तर ऑफिसातल्या देसाईबाईंच्या स्क्रीनवर माझेच टॅब दिसले. ब्राउझरसारखे, गोल कोपऱ्यांचे, कोणत्याही सॉफ्टवेअरात बसवता येतील असे मी ते बनवले होते. शाळेच्या प्रोग्रॅममध्येही मीच बसवून दिले होते. प्रत्येक टॅबवर एका मुलाचं नाव आणि नावापुढे बंद करायची छोटी फुली.

दाखला छापला की बाई फुली दाबत. टॅब मिटे, पुढचे टॅब सरकत आणि पुढच्या नावाची फुली नेमकी माऊसच्या बाणाखाली येई. एवढं जमवायला मी तीन आठवडे घातले होते. बंद करणाऱ्याला हात हलवावा लागू नये, हा माझा हट्ट.

"फार सोयीचं केलंत हो," बाई म्हणाल्या. "यंदा सारखं हेच काम आहे. चौथीत आता तुमची धरून सहाच उरलीत."

मीही मुलीला इंग्रजी शाळेतच घालणार होतो. याच शाळेत आम्ही एका बाकावर चौघं बसायचो. एखादा गाव सोडून गेला की त्याची जागा कितीतरी दिवस रिकामी दिसायची. तिथे कोणी दप्तरही ठेवत नसे. टॅबमध्ये मी रिकामी जागा दिसूच दिली नाही.

बाईंनी दाखला माझ्या हातात दिला आणि फुली दाबली. मुलीचं नाव मिटलं. उरलेली पाच नावं अलगद सरकली.

बाईंना हात हलवावा लागला नाही.