मशीनला पाणी लागलं

शिवाजीनगरहून सकाळची नाशिक गाडी पकडली, तेव्हा माझ्या सॅकमध्ये एक डबा, एक टोपी, एक जादा ड्रेस आणि दुसऱ्याचं एक यंत्र होतं. तळहातावर मावेल एवढं जीपीएस. आमच्या ट्रेकिंग मंडळातल्या एका काकांनी ते मला सोपवलं होतं. संगमनेरच्या पठारावर मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून हे. तिथल्या जुन्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) शोधून त्यांच्या जागा यंत्रात नोंदवायच्या होत्या, म्हणजे थंडीत मंडळाला तिकडे सहल नेता येईल. काका म्हणाले होते, "वॉटरप्रूफ आहे. नदीत पडलं तरी काळजी नाही."

हे काम मी आनंदाने घेतलं, कारण ते फारसं न बोलता करता येण्यासारखं होतं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी मी घरी बोलते, पण अनोळखी माणसांपुढे दोन्ही भाषा सारख्याच आटतात.

घारगावला उतरले. चैत्र लागला होता आणि ऊन दहालाच डोक्यावर बसलं होतं. तिथून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दोन पाट्या, एक शेळी आणि बऱ्याच बायकांच्या मधे मला जागा मिळाली. पठार म्हणजे सपाट असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात सगळं चढ-उताराचं होतं. मुरमाची लालसर जमीन, डाळिंबाच्या बागा, आणि जिकडेतिकडे काढून ठेवलेला कांदा. जीपमधल्या बायकांनी मी कोणाची, कुठली, लग्न झालंय का हे विचारून घेतलं. मी थोडक्यात उत्तरं दिली. शेळी माझ्या ओढणीचं टोक चघळत होती, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या दोन बारवा सहज सापडल्या. तिसरी गावाबाहेर, चिंचेच्या मागे होती. काळ्या दगडाच्या पायऱ्या, भिंतीत दिव्यांचे कोनाडे आणि तळाला हिरवं, थंडगार पाणी. मी शेवटच्या पायरीवर वाकून पाण्यातलं आकाश बघत होते आणि यंत्र गळ्यातल्या दोरीतून निसटून गेलं. खालच्या पायरीवर ते पाण्यात बसलेलं दिसत होतं आणि त्याचा पडदा तिथेही उजळलेला होता. मी कोपरापर्यंत हात घालून ते काढलं आणि कुर्त्याला पुसलं. चालू होतं. काकांवरचा माझा विश्वास वाढला.

तो अर्धा तास टिकला. पुढच्या वाटेला लागण्यासाठी मी एक पडीक रान ओलांडत होते, तेव्हा काचेच्या आतून धुकं चढायला लागलं. आधी कोपऱ्यात, मग अर्ध्या पडद्यावर. मग नकाशा गेला. मी यंत्र हलवलं, कानाला लावलं, उलटं धरलं, उन्हाकडे तोंड करून एक गिरकी घेतली. मागच्या बाजूला केबल लावायच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलंच नव्हतं.

बांधापलीकडे कांद्याची चाळ होती. आरपार वारा खेळावा म्हणून पट्ट्यापट्ट्यांच्या भिंती घालून उभारलेली लांबट शेड. तिथे कांदा भरत असलेली एक बाई हात थांबवून माझ्याकडे बघत होती. पस्तिशीची असेल, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला. तिने ओरडून विचारलं, काय झालं?

मी म्हणाले, "मशीनला पाणी लागलं."

ती बांध ओलांडून जवळजवळ पळतच आली. "कुठं लागलं?"

"इथेच. म्हणजे आत्ता इथे आल्यावर कळलं."

"लई हाय का?"

"फार नसेल. पण खोल आहे. अगदी आत."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "तुमी हलू नका," म्हणाली आणि बांधावरचा एक चपटा दगड आणून माझ्या चपलेच्या पुढ्यात ठेवला. मग वस्तीकडे तोंड करून तिने तात्यांना हाक मारली. मला वाटलं, कुणी मशीन दुरुस्त करणारे तात्या असतील. मनात म्हटलं, किती चांगली माणसं आहेत.

तिचं नाव सुमन. मी त्यांना वहिनी म्हणू लागले. त्यांच्या ओट्यावर बसून मी यंत्राचं मागचं झाकण उघडलं, सेल काढले आणि ते तिरकं धरलं. चार-पाच थेंब फरशीवर पडले. वहिनी त्या थेंबांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. एकीने तांदळात पुरायला सांगितलं, दुसरी म्हणाली पत्र्यावर टाका, तिसरीने चुलीजवळ ठेवायची तयारी केली. मी फक्त एवढंच म्हणू शकले की ते गरम करायचं नाही आणि वाळेपर्यंत चालूही करायचं नाही. वहिनींनी ते पातळ फडक्यात बांधलं आणि चाळीच्या आढ्याला टांगलं. म्हणाल्या, "हितं कांदा सा महिनं कोरडा ऱ्हातो. ह्ये काय, एका राती."

म्हणजे मुक्काम करावा लागणार होता. मी तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा म्हणायच्या आत पुढ्यात ताट आलं: हुलग्याच्या पिठाचे झणझणीत शेंगोळे, बाजरीची भाकरी आणि फोडलेला कांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी जेवले.

दुपार कलल्यावर वहिनींचे सासरे, तात्या, मला रानात घेऊन गेले. तिथे तो चपटा दगड होता, आणि आता त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. पुढे नारळ फोडलेला. मला वाटलं, हे यांचं शेतातलं दैवत असणार. मघाशी वहिनींनी तो आणून ठेवला तेव्हा मला कळलं नसेल. कुणाच्या देवाचा अपमान नको म्हणून मी चप्पल काढून वाकून नमस्कार केला. तात्यांचा चेहरा उजळला.

मग ते बोलू लागले आणि माझे कान गरम होत गेले. उद्या सकाळी बोअरची गाडी येणार होती. महिन्यापूर्वी एका पाणाड्याने (जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या माणसाने) हातावर नारळ उभा करून रस्त्याकडेच्या बाभळीजवळची जागा दाखवली होती. तात्यांचा तिथेच जीव होता. पण आता पुण्याच्या मॅडमच्या मशीनला इथे पाणी लागलंय म्हटल्यावर बाभळ रद्द. तात्या म्हणाले, "नारळापरीस मशीन बरं. ती कशाला खोटं बोलंल?"

मी चप्पल पायात अडकवली आणि तडक वस्तीकडे निघाले.

वहिनींना गाठलं ते चाळीत. मी घाईघाईने सांगायला लागले की हे यंत्र पाणी शोधत नाही, ते फक्त आपण कुठे आहोत तेवढं सांगतं, मी म्हणाले त्याचा अर्थ वेगळा होता. त्या कांदा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कळलंय. थेंब पडलं तवाच."

"मग तात्यांना सांगितलं का नाही?"

त्यांनी सांगितलं ते असं. ती जागा त्यांच्या मनात आधीपासूनच होती. भर उन्हाळ्यात त्या पडीक रानात तेवढ्याच पट्ट्यात हरळी हिरवी राहते आणि दुपारी गुरं बरोबर तिथेच जाऊन बसतात. नवऱ्याला सांगून झालं. तो कांदा घेऊन बाजाराला निघून गेला. सासऱ्यांना सांगून झालं. ते म्हणाले, बाईमाणसाला काय कळतंय पाण्यातलं. बोअर एकदाच होणार होता. विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते, मग प्यायचं पाणीही टँकरचं. बाभळीखाली कोरडं लागलं, तर पुन्हा खणायची ऐपत नव्हती.

"तुमचं मशीन देवासारखं आलं," वहिनी म्हणाल्या. "तुमी निस्तं गप ऱ्हावा. तेवढंच."

गप्प राहणं हे एकच काम मला आयुष्यभर उत्तम जमलेलं आहे. पण इथे पाणी नाही निघालं तर, हा विचार छातीवर बसला. ती फजिती माझ्या नावावर झाली असती आणि मी तोवर पुण्याला पोचलेली असते. पाणी निघालं असतं तर नाव मशीनचं झालं असतं.

संध्याकाळच्या चहाला तात्या ओट्यावर होते. मी कप खाली ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मशीन बारवेत पडलं, त्याच्या आत पाणी शिरलं, मला तेवढंच म्हणायचं होतं. मग तात्यांचं पोट हलायला लागलं. "म्हंजी मशीनलाच पाणी लागलं व्हय! आन् आमी नारळ फोडला!" शेजारच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. वहिनी मात्र चुलीकडे तोंड फिरवून उभ्या होत्या.

हसू ओसरायच्या आत बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "तात्या, मशीनला त्यातलं काही कळत नाही. पण वहिनी ती जागा रोज बघतात. त्यांचं एकदा ऐका."

वहिनींनी हरळीचं सांगितलं, गुरांचं सांगितलं. आवाज आधी लहान होता, मग लहान राहिला नाही. शेवटी म्हणाल्या, नक्की कुणालाच ठावं नसतंय, पण मला विचाराल तर तिथं. तात्यांनी तंबाखू मळून खाल्ली. मग म्हणाले, "हळदकुंकू लागल्याला दगड आता हलवायचा कसा? वर ह्या पोरीनं पाया पडून ठिवलंय."

सुनेचं ऐकलं म्हणण्यापेक्षा दगडाचा मान राखला म्हणणं त्यांना सोपं होतं. वहिनींना तेही चाललं.

सकाळी चाळीतून यंत्र काढलं. काच स्वच्छ दिसत होती, फक्त एका कोपऱ्यात नखाएवढं धुकं. सेल घातले आणि ते चालू झालं. तिन्ही बारवा जागच्या जागी होत्या. मी ते वहिनींना दाखवणार होते, पण तेवढ्यात बोअरची गाडी धडधडायला लागली आणि सगळे रानात धावले.

आधी पिठासारखी पांढरी धूळ उडत राहिली. माणसं, झाडं, शेळ्या, सगळं एका रंगाचं झालं. बोललेलं ऐकू येत नव्हतं. वहिनी बाजूला एकट्या उभ्या होत्या, पदराचं टोक दातात धरून. मग धूळ उडायची थांबली. ओलसर गोळे पडू लागले, मग राखाडी चिखल, आणि अचानक पाण्याचा फवारा आमच्या सगळ्यांच्या अंगावर. दोन इंची पाणी, गाडीवाला म्हणाला. तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "सुमन, टाकी कुठं बांधायची?"

वहिनींनी चारी बाजूंना सावकाश नजर टाकली, आणि मग हात करून जागा दाखवली.

परतीच्या गाडीत माझ्या कपड्यांवर चिखल वाळत होता आणि सॅकला कांद्याचा वास होता. शेजारच्या आजींनी विचारलं, काय गं, कुठे पडलीस का? एरवी मी हो म्हणून खिडकीबाहेर बघितलं असतं. या वेळी मी सगळं सांगितलं, बारवेपासून फवाऱ्यापर्यंत. मधे त्यांनी पिशवीतली चिकूची एक फोड मला दिली. गोष्ट संपली तेव्हा नारायणगाव आलं होतं. आजी उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता एकच प्रश्न विचारला.

"मग, किती इंची लागलं म्हणालीस?"

"दोन."

"बरं लागलं की," त्या म्हणाल्या आणि उतरल्या. मशीन वाचलं का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं.