वाळूसाठी डोंगरावरचं किट

बर्फावर चालायची गाडी ओमानमध्ये कशाला, हे मला विचारू नका. गिऱ्हाइकाला हवी होती. २०१५च्या सप्टेंबरात इब्रीचा एक ओमानी दुकानदार ती पिकअपवर घालून मस्कतच्या गाला इंडस्ट्रियल एरियात आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर आला. पुढे स्की, मागे रबरी पट्ट्याचं चाक. शेजारच्या गॅरेजने तिला मोठा रेडिएटर बसवून दिला होता. तरीही वाळूच्या टेकडीवर ती अर्ध्यात दम टाकायची आणि क्लचच्या बेल्टला जळका वास यायचा. त्याला नवं क्लच किट हवं होतं, आणि ऑक्टोबरात सगळे चुलतभाऊ जमतील तेव्हा टेकडीच्या माथ्यावर पोचायचं होतं.

काउंटरवर मी होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, सर कुठे आहेत?

हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा ऐकायची. कोल्हापुरात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न करून नवऱ्यामागे मस्कतजवळ माबेलाला आले, मुलगी शाळेत रुळेपर्यंत सात वर्षं घरी बसले आणि मग ही नोकरी धरली. सहा महिन्यांची बोली होती. जमलं तर काउंटर, नाही तर आतल्या खोलीत बिलं फाइल करायची. मला आत जायचं नव्हतं. आमचे मॅनेजर पुण्याचे, नवऱ्याच्या ओळखीतले, म्हणून दुकानातसुद्धा मला वहिनी म्हणत. तेही मला खटकायचं, पण पाच महिने मी गिळलं होतं.

या गाडीचा क्लच म्हणजे दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक बेल्ट. पुढच्या पुलीत छोटी वजनं असतात. इंजिन फिरलं की ती बाहेर फेकली जातात, पुली दाबतात आणि गाडी आपोआप वरच्या गिअरमध्ये जाते. वजनं जड असली तर ती घाईने वर जाते. सपाटीवर ते ठीक, चढावर इंजिन गुदमरतं. किट म्हणजे ही वजनं आणि त्यांच्या जोडीच्या स्प्रिंगा. कॅटलॉगमध्ये त्यांचा तक्ता होता आणि तो एकच गोष्ट विचारायचा, तुमची जागा समुद्रापासून किती उंच?

मॅनेजरांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. समुद्रसपाटी ते दोन हजार फूट. इब्री त्यातच बसतं, विषय संपला. मी सहा हजार फुटांच्या ओळीवर बोट ठेवलं. ते हसले.

"वहिनी, इथे कुठला आलाय डोंगर?"

"डोंगर नाही सर, पण हवा डोंगरावरचीच आहे."

तक्ता करणाऱ्यांनी थंडी गृहीत धरली होती. त्यांच्याकडे ही गाडी पाणी गोठतं तेव्हा चालते. चाळीस डिग्रीला हवा डोंगरावरच्यासारखी विरळ होते, इंजिनाची ताकद उतरते, वर पायाखाली वाळू. त्या इंजिनाला हलकीच, म्हणजे उंचावरच्या ओळीतलीच वजनं पेलणार. पहिल्या ओळीतली जड वजनं तर गाडीत आधीपासूनच होती, तीच नवी करून घालण्यात काय अर्थ? कॉलेजात मी माझ्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हलके रोलर, म्हणजे तिथली अशीच वजनं, घातले होते. वर्गातली पोरं हसली, आणि पन्हाळ्याच्या चढावर मी पुढे जाऊन त्यांची वाट बघत बसले. मॅनेजरांना मी तेही ऐकवलं. ते म्हणाले, स्कूटर वेगळी. मी म्हटलं, बेल्टला ते माहीत नसतं.

शेवटी त्यांनी ऑर्डरचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. निवड करणाऱ्याची सही, अशी खाली एक जागा होती आणि तिथे नेहमी त्यांची सही असे. तुम्हीच करा, म्हणाले, मात्र किट फसलं तर पुढच्या महिन्यापासून आत बसायचं. मी इतक्या जोरात सही केली की खालच्या प्रतीवरही नाव उमटलं.

घरी नवरा म्हणाला, कशाला नडतेस? मुलीने तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "आई, पण तू राँग असलीस तर?"

"तर चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही."

बोलले खरी, पण पुढचे तीन आठवडे रोज तो तक्ता पुन्हा उघडून बघत होते.

किट आलं, शेजारच्या गॅरेजने बसवलं आणि एका शुक्रवारी नवरा, मुलगी आणि मी इब्रीच्या पलीकडे वाळूत गेलो. मॅनेजर वेगळ्या गाडीने आले. भर दुपारचं ऊन होतं, चुलतभाऊ ताडपत्रीखाली खजूर खात बसले होते. दुकानदार गाडीवर बसला आणि सुटला. अर्ध्यावर, जिथे ती दम टाकायची, तिथे मी कान देऊन ऐकलं. इंजिनाचा आवाज खाली पडला नाही. चढा सूर धरून ती तशीच वर गेली आणि माथ्यावरून पलीकडे नाहीशी झाली. मुलगी टाळ्या वाजवत होती. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

परत आल्यावर दुकानदाराने क्लचचं झाकण उघडून हुंगलं. जळका वास नव्हता. त्याने मॅनेजरांना हिंदीत विचारलं, हे कुणी निवडलं?

"हमारी टीम ने," मॅनेजर म्हणाले.

टीम. फसलं असतं तर आतल्या खोलीत टीम बसणार नव्हती.

"टीम नहीं, मैंने," मी म्हटलं. "फॉर्म पे मेरी साइन है."

दुकानदाराने माझ्याकडे नीट बघितलं, मान झुकवली आणि पुढचे सगळे प्रश्न मला विचारले. मॅनेजर खजूर खायला गेले.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी दुकान उघडलं. दुपारी मॅनेजरांनी मला विचारलं, "वहिनी, चिडलात का?"

"हो," मी म्हटलं. "आणि वहिनी मी तुमच्या घरी जेवायला येईन तेव्हा. इथे नाही."

त्यानंतर काउंटरवर त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मला चाललं. महिन्याभराने वाळूतल्या बग्गीसाठी क्लच मागायला एक गिऱ्हाईक आलं आणि माझ्यादेखत विचारू लागलं, सर कुठे आहेत? सर तिथेच होते. त्यांनी कॅटलॉग उचलला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग बोट काढलं आणि कॅटलॉग माझ्यापुढे सरकवला.

"जरा बघता का?"

उत्तर मला तक्ता न उघडता माहीत होतं. तरी मी चष्मा पुसला, पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि दोघांना उभं ठेवून सावकाश बघितलं.