फांद्यांनी झाकलेला खड्डा

बायको आजही पाहुण्यांना सांगते, की यांच्या सोवळ्यापायी एका बाईचा अपमान झाला. सोवळंबिवळं काही नव्हतं. इतकी वर्षं मी तिला तसं समजू दिलं.

उल्हासनगर नुकतंच वसत होतं. तिथल्या निर्वासितांच्या छावणीत मी सफाईखात्यात कारकून होतो. संडासांच्या रांगा, तुंबलेली गटारं, फिनेल. अंबरनाथला घरी येऊन जेवायला बसलो तरी तो वास बोटांना असायचा. म्हणून मे महिन्यात दोन रात्री डोंगरातल्या तळ्याकाठी राहायचं मी ठरवलं. छावणीच्या बाजारात एका सिंधी दुकानदाराकडून जुना लष्करी तंबू घेतला. "साईं, पाणी आत येणार नाही," तो म्हणाला. उंदरांच्या मुताचा वास मात्र आत होता, आणि तो बाहेर जाईना.

बदलापूरला उतरून चामटोलीपर्यंत बैलगाडी, पुढे चढण. तळं पाहिलं आणि शिसारी आली. आटून अर्धं झालेलं, हिरवट, मधोमध म्हशी. चिखलात मेलेले मासे, त्यांवर माश्या. आमची सहा वर्षांची मुलगी नाक दाबून म्हणाली, "बाबा, हे तर तुमच्या छावणीतलं गटार!"

वरच्या पाड्यावरची एक बाई डोक्यावर भरलेले हंडे घेऊन चालली होती. तंबू बघून थांबली. "घर जलला काय तुमचा, इथं येऊन निजता?" बायको खळखळून हसली. हे पाणी ती कुठून आणते, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यातल्या आंबलेल्या दहीभातानं मुलीचं पोट बिघडलं. दुपारभर आम्ही तिला आणि तिचे कपडे धूत होतो. बादली भरली. घाण उघड्यावर ओतायची नाही, हा छावणीतला नियम. आणि तिथे फांद्यांनी झाकलेला खड्डा म्हणजे घाणीचाच. तळ्यापासून दहा पावलांवर तसाच एक दिसला. सागाची पानं, वर काटेरी फांद्या. मी एक फांदी उचलली, श्वास धरला, तोंड फिरवलं आणि बादली रिकामी केली. फांदी पुन्हा जागच्या जागी. नियमानं वागल्याचं समाधानसुद्धा वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तंबूच्या खुंट्या उपटत होतो, तेव्हा तीच बाई आली. त्या खड्ड्यापाशी बसली, काटे बाजूला सारले आणि करवंटीनं हंड्यात पाणी भरू लागली. वाळूतून गाळून झिरपलेलं, पाड्याचं प्यायचं पाणी. म्हशींनी तोंड घालू नये म्हणून झाकलेलं.

एकच वाक्य बोलायचं होतं: बाई, ते ओतून टाका, मी घाण केली आहे.

तिनं नाकाशी करवंटी नेली. "म्हशीनं तोंड घातलाच शेवटी, रांडेनं." चार करवंट्या फेकल्या, बाकीचं भरलं. मग तांब्याभर पाणी घेऊन बायकोकडे आली. "काल पोर रडत होती ना बाय? तल्याचा पानी नका पाजू तिला. ह्यो घ्या, गोड हाय."

बायकोनं हात पुढे केला. मी तांब्या हिसकावून जमिनीवर उपडा केला.

बाई माझ्याकडे बघत राहिली. "आमच्या हातचा चालत नाय होय? तसा सांगायचा ना दादा. सांडलात कशाला?"

"अहो!" बायको ओरडली. "लाज वाटते का काही? घरी कधी पाळलंत हे असलं?"

मी मान खाली घातली. जातीचा माजोरडा ठरलो तरी चालेल, पण तिच्या पाण्यात घाण ओतणारा ठरायला नको, हे मला त्या एका क्षणात सुचलं, आणि सुचलं म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. छावणीतली कुठलीच घाण मला त्या सुटकेइतकी किळसवाणी वाटलेली नाही.

तिनं रिकामा तांब्या उचलला, हंडे डोक्यावर चढवले आणि निघाली. त्या पाड्यावर पुढे कोणाला काय झालं, मला माहीत नाही. विचारायला कधी गेलो नाही.

अर्ध्या चढणीवर ती थांबली. हंडे उतरवले, ओंजळ बुडवली आणि प्यायली. हाक मारली असती तर तिथवर ऐकू गेली असती. मी तंबूची दोरी गुंडाळत राहिलो.