लाल थरातली तीन कवचं

आमच्या खानदेशात जिकडे तिकडे काळा कातळ, त्यात समुद्र कुठला सापडायला? म्हणून मी धुळ्याच्या कॉलेजात बसून लडाखच्या दगडांत समुद्र शोधत होतो. भारताची भूमी सरकत जाऊन आशियाला भिडली आणि मधला समुद्र मिटला, हे पुस्तकात असतंच. नेमका कधी मिटला, यावर माझी पीएचडी होती. मऊ दगड भिजवून त्याचा गाळ करायचा, तो चाळणीत धुवायचा आणि खसखशीएवढी समुद्री जिवांची कवचं सूक्ष्मदर्शकाखाली टिपायची. ज्या थरात ती संपतात, तिथे समुद्र संपला.

धुण्याचं काम नानांचं. ते प्रयोगशाळेतले शिपाई, पण चाळणीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. प्रत्येक नवा दगड धुण्याआधी ते चाळणी निळ्या रंगात बुडवत. जाळीत एखादं कवच अडकलंच तर ते निळं होतं आणि पुढच्या गाळात दिसलं की आधीचं म्हणून ओळखू येतं.

एकदा दुपारी नाना डबा खायला गेले. मी जन्माचा उतावळा. सगळ्यात वरचा लाल थर, नदीच्या गाळाचा, मीच धुऊन टाकला आणि त्याआधी चाळणी निळ्या रंगात बुडवायचा कंटाळा केला. नानांना सांगितलंही नाही, उगाच बोलणी कोण खाणार? संध्याकाळी त्यात तीन कवचं निघाली, स्वच्छ पांढरी. म्हणजे सगळे समजतात त्यापेक्षा समुद्र बराच उशिरा मिटला होता. मी हवेत तरंगत होतो. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तर शोधनिबंध लिहायला घेतला.

मग खात्रीसाठी त्यांनी त्याच दगडाचे आणखी दोन तुकडे धुवायला लावले. एकही कवच नाही. मॅडमनी माझ्यासमोरच नानांना विचारलं, चाळणी रंगवायची राहिली होती का? मला तिथल्या तिथे सगळं कळलं: ती तीन कवचं आधीच्या दगडातली, जाळीत अडकून राहिलेली होती. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसून राहिलो. नाना गोंधळले. रंगवलीच असेल, म्हणाले, पण आता वय झालं, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाळण्या त्यांच्याकडून काढून घेतल्या. ते दाराबाहेर स्टुलावर बसू लागले. त्यांच्यासमोरून जाताना मी उगाच फोन कानाला लावायचो. लाज वाटायची, पण पदवी हातची जाईल ही भीती तिच्याहून मोठी होती.

पदवी मिळाली. नोकरीही त्याच कॉलेजात लागली. नाना निवृत्त झाले त्या दिवशी पेढे घेऊन माझ्या खोलीत आले. पेढा दिला आणि माझा हात तसाच धरून ठेवला.

"भाऊ, मन्हामुळे तुम्हना कामनं नुकसान व्हयनं. मनमा ठेवू नका."

खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं.

"जाऊ द्या नाना," मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

असं मी नानांना माफ केलं. त्यांनी डोळे पुसले आणि माझे आभार मानले.