दार उघडे ठेवणाऱ्या बाई

विमलबाई हिवाळे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या दाराला वीट लावत होत्या. चर्चच्या मागच्या खोलीत आमच्या मंडळीची संडे स्कूल भरत असे. माझी मुलगी नुकतीच तिथे जाऊ लागली होती आणि मी तिला सोडायला गेलो होतो. खोलीचे दार वाऱ्याने सारखे मिटायचे. बाईंनी आवारातली एक वीट उचलून दाराशी ठेवली, हात झटकले आणि मला म्हणाल्या, “सलाम. मुलीला सोडायला आलात ना? मग पाच मिनिटे दारात उभे राहा. आत काय चालते ते बघून जा.” वर्तमानपत्रात नोकरी करणाऱ्या माणसाला ‘बघून जा’ म्हणणारे फार कमी भेटतात. मी पाच मिनिटांऐवजी तास संपेपर्यंत थांबलो, आणि काही महिन्यांनी त्याच खोलीत शिकवू लागलो.

यंदा बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. याच वर्षी त्यांनी बालवर्गाची आणि तरुण संघाची जबाबदारी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या रूथ कदम हिच्याकडे सोपवली. ज्या दिवशी त्यांनी हे जाहीर केले, त्या दिवसापासून मंडळीत एकच प्रश्न ऐकू येतो आहे. बाईंनी लावलेली शिस्त बाईंनंतर टिकेल का? माझ्या परीने या लेखात त्याचे उत्तर देतो.

बाई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. पण रविवारी त्या शाळेतल्यासारखे शिकवत नसत. गोष्ट पुस्तकात बघून वाचायची नाही, ही त्यांची पहिली अट. “घरी चार वेळा वाचा, इथे एकदा सांगा,” असे त्या आम्हा शिक्षकांना बजावत. मूल आपणहून म्हटल्याशिवाय त्याला सर्वांसमोर प्रार्थना करायला लावायची नाही. पाठांतराला बक्षीस नाही. आणि वर्गात नवे मूल आले की त्याच आठवड्यात त्याच्या घरी जाऊन यायचे.

या घरी जाण्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा वर्गात अवाक्षर बोलत नसे. इतर मुले त्याला ‘मुका’ म्हणू लागली होती. बाई त्याच्या घरी गेल्या, तर हा मुलगा आजीशी तेलुगूत अखंड बडबडत होता! पुढच्या रविवारी हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. बाई मध्येच थांबल्या आणि त्याला विचारले, “तुमच्या घरी मेंढराला काय म्हणतात रे?” तो हळूच म्हणाला, “गोर्रे.” “मग आज आपले गोर्रे हरवले आहे. कुठे गेले असेल?” सगळा वर्ग ‘गोर्रे, गोर्रे’ करत खोलीभर शोधू लागला आणि तो मुलगा सर्वांच्या पुढे. त्याच्या वडिलांनी नंतर टॉवेलच्या कापडाची एक खोळ शिवून आणली, दाराच्या विटेसाठी. ती खोळ आजही विटेवर आहे.

तरुणांच्या बाबतीत बाईंचे मत थोडे वेगळे होते. “त्यांना कार्यक्रम देऊ नका, काम द्या,” असे त्या म्हणत. उपासनेचा माईक, खुर्च्या, आजारी वृद्धांना दवाखान्यात नेणे, हे सारे त्यांनी तरुण संघाकडे सोपवले. चुका झाल्या. एका नाताळात पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि माईकमधून शेजारच्या मंडपातली लग्नाची गाणी ऐकू आली. कमिटीतले लोक संतापले. बाई एवढेच म्हणाल्या, “पुढच्या वेळी आधी तपासतील.” आणि पुढच्या वेळी त्यांनी खरोखर आधी तपासले.

पण बाईंचे खरे काम म्हणजे त्यांचा एक नियम. कोणीही मोठा माणूस मुलांबरोबर एकटा राहणार नाही. वर्गात दोघे, गाडीत दोघे, घरी सोडायला दोघे, आणि दार नेहमी उघडे. आज हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही. तेव्हा वाटले होते. आपल्या मंडळीत प्रत्येक वडीलधारा माणूस काका, प्रत्येक बाई मावशी. काकांना कोण विचारणार?

ती वेळ एका उन्हाळ्यात आली. वळसंगला दानिएलराव जगताप यांच्या शेतात मुलांचे शिबिर ठरले होते. जागा त्यांची, जीप त्यांची, भाजीपाला त्यांचा. मुलांनी महिनाभर आधीपासून पिशव्या भरून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी कळले, चार मुले बसमध्ये मावत नाहीत. “मी नेतो की जीपमधून,” दानिएलराव म्हणाले. बाई म्हणाल्या, “बरोबर आणखी कोण आहे?” दानिएलराव ताडकन उठले. “शिबिर दुसरीकडं न्या तुमचं,” म्हणाले आणि निघून गेले.

पाळकसाहेब अस्वस्थ झाले. “बाई, एवढ्या वेळेपुरते सोडा. दानिएलराव म्हणजे घरचा माणूस.” बाईंचे उत्तर मला जसेच्या तसे आठवते. “आज त्यांना सूट दिली, तर उद्या ज्याला देणार नाही त्याच्यावर संशय घेतल्यासारखे होईल. नियम सगळ्यांना आहे, तोवर कोणाचाच अपमान नाही.”

त्या संध्याकाळी बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. दानिएलराव ओट्यावर बसले होते. ‘या’ देखील म्हणाले नाहीत.

“नातवंडांसारखी पोरं ही. माझ्यावर भरवसा न्हाय व्हय बाई तुमचा?”

“आहे की. नसता तर शिबिर तुमच्या शेतात ठरवलेच नसते.”

“मग?”

“मंडळीत तुमच्याएवढे मोठे दुसरे कोण आहे? तुम्ही पाळलात तर सगळे पाळतील. तुम्ही मोडलात तर मी कोणाला सांगू? शेत द्यायचे नसेल तर देऊ नका, चर्चच्या आवारात शिबिर घेऊ. मुले हिरमुसतील, त्यांची समजूत मी घालीन. पण नियम हाच राहील.”

चहा आला, आम्ही प्यालो आणि उठलो. शिबिर गेले, असे समजूनच मी परतलो.

सकाळी चर्चच्या दारात जीप उभी! पुढच्या सीटवर दानिएलरावांच्या पत्नी, मांडीवर डबा घेऊन. “बसा रे पोरांनो,” दानिएलराव म्हणाले. “ही बघा माझी पोलीस.” काकू म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून राखणच करतेय यांची. आज काय नवीन?” त्यानंतर मंडळीत या नियमावर कोणी वाद घातला नाही. माझी पत्नी दवाखान्यात असताना माझ्या मुलीला रोज शाळेतून आणायला बाई येत, तेव्हाही त्यांच्यासोबत दुसऱ्या शिक्षिका असत. दुःखाच्या घरीही त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न. गेल्या महिन्यात संडे स्कूल सुटल्यावर एक छोटी मुलगी मागे राहिली. तिला न्यायला येणारी आई अजून कामाच्या पाळीवरून सुटली नव्हती. बाईंनी तिचा हात धरला आणि फाटकाकडे निघाल्या. रूथ खोलीतून धावत आली.

“बाई, कुठे निघालात?”

“हिला घरी आजीपाशी सोडून येते गं. पलीकडच्या गल्लीत तर जायचे आहे.”

“एकट्या?”

“अगं, मी आहे ना!”

“तुम्ही असलात तरी. थांबा, चप्पल घालते.”

ज्यांनी नियम केला, त्यांनाच त्यांची शिष्या अडवत होती. बाकावर बसलेले दानिएलराव काठी आपटून म्हणाले, “आता कळलं व्हय बाई, कसं वाटतं ते?” बाई इतक्या मोकळेपणाने हसल्या की ती छोटीही हसू लागली. “चल बाई, चल,” त्या रूथला म्हणाल्या, आणि मुलीला मध्ये घेऊन दोघी फाटकातून बाहेर पडल्या. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. “आज पोरीने मला अडवले हो,” एवढेच सांगायला. आवाजात असा आनंद होता की जणू एखादा सत्कार झाला.

विमलबाईंना देवाने उत्तम आरोग्य द्यावे आणि आणखी पुष्कळ रविवार द्यावेत. खोळ घातलेली ती वीट दाराशी आहे. बाईंनी यापुढे खुशाल वर्गात येऊन बसावे, गोष्टी ऐकाव्यात आणि दमल्या की उठावे. त्यांना घरी सोडायला आम्ही दोघे दोघे येऊ.