डायरेक्टरचा कावळा

आमच्या डायरेक्टरला समोर माणूस दिसायचाच नाही, दिसायचा तो शॉट. बोटांची चौकट करून, एक डोळा मिटून तो कुणाकडेही बघायचा. हा माझा चुलतभाऊ. नव्वदच्या दशकात बारामतीत त्याचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. तो नवरीला कमळात बसवायचा, नवरदेवाला ढगातून उतरवायचा आणि वऱ्हाडी खूश व्हायचे. तिथवर ठीक होतं.

मग त्याने स्वतःवरच पिच्चर काढायला घेतला. मेंढरं वळणाऱ्याचं पोरगं मोठं डायरेक्टर होतं, अशी कथा. "खरं किती, खोटं किती, कळलंच न्हाय पायजे," हे त्याचं तत्त्वज्ञान. सणसरला घरी यायचा तो शूटिंगपुरता. वडिलांना, म्हणजे तात्यांना, त्याने त्यांचंच काम करायला लावलं होतं. तात्या वैतागून म्हणाले, "आरं, ती पेटी सोड आन घरी ये. मला तुझं त्वांड बघायचं हाय, त्या काचंचं न्हाय." हेही त्याने पिच्चरमध्ये घेतलं. मला तेव्हाच शिसारी आली.

पिच्चर अर्धा असतानाच तात्या गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. जाणती माणसं त्याला म्हणाली, "कॅमेरा सोडतो म्हण. म्हाताऱ्याचा जीव त्यातच आडकलाय." दुकानातला त्याचा जोडीदार शूटिंग करत होता. त्याच्याकडे तोंड करून यानं गळा काढला, "सोडला, तात्या, सोडला." तिवईवरचं ते धूड बघून कावळे लिंबावरून खाली उतरेनात. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हापासून चुलती भरल्या ताटावरून उठायची. "म्हातारा आडकून ऱ्हायलाय," एवढंच बोलायची.

शेवट सोडून पिच्चर पुरा झाला, तसा त्याने तो घरच्या टीव्हीवर लावला. त्यात तोच पिंड होता, आणि एक कावळा झपकन येऊन घास घेऊन गेला. तो कावळा मटणाच्या दुकानामागे टिपून इथे जोडलेला, हे मला ठाऊक होतं. मागोमाग तात्या ढगातून हसले. चुलतीने मात्र टीव्हीला हात जोडले.

"शिवला गं बाई," ती म्हणाली आणि लेकाकडे वळली. "म्हंजी तू खरंच सोडलास न्हवं कॅमेरा? आता घरी येशील?"

तो कोपऱ्यात कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. आई आपलाच पिच्चर बघतेय, हाच त्याला शेवट हवा होता.

"आये," तो म्हणाला, "जरा हिकडं बघून परत म्हण."

आणि ती बिचारी पदर सावरून परत म्हणाली.