धुतलेलं फडकं

वलगावच्या शिवारात माझी आई इंदूबाई तीस वर्षांपासून कापूस वेचते. तरी माझ्या शाळेच्या कागदांवर तिच्या नावापुढे 'गृहिणी' असंच आहे. पॉलिटेक्निकचा अर्ज मी स्वतः भरला. त्यावरही मी तेच लिहिलं.

यंदा अमरावतीत आम्ही पाचजणींनी बायांच्या कामावर प्रदर्शन मांडलं. एका भिंतीवर जाहिरातींतल्या आया लावल्या. मधोमध होती पांढऱ्या साडीतली, धुण्याची पावडर हातात धरून डाग गेल्याच्या आनंदात हसणारी बाई. तिची चौकट आणि दिवे मी बसवले. समोरच्या भिंतीवर खऱ्या बायांच्या वस्तू होत्या.

आईने पेटीच्या तळातून एक फडकं काढलं. वेचलेला कापूस ठेवायला कंबरेला बांधतात, तसलं.

"हे लावजो. खाली शेतमजूर लिहजो. बाकीचं मी तिथंच सांगतो, साऱ्याइच्या समोर."

फडक्यावर जुने तपकिरी डाग होते, कुबट वास येत होता. लोक येणार, म्हणून मी ते ब्लीचमध्ये रात्रभर भिजवलं, घासलं, इस्त्री करून टांगलं.

उद्घाटनाला आई नवं लुगडं नेसून आली. फडक्यापुढे थांबली. उलटं करून पाहिलं.

"कोनं धुतलं हे?"

"मीच. वास येत होता, माय."

"रगत होतं त्याच्यावर. माहं अन् तुह्या भावाचं."

मला काही कळेना. धम्मदीप घरी जन्मला, असंच आम्ही ऐकत आलो होतो.

"घरी नाई झाला. रामराव मालकाच्या वावरात झाला. माह्या वाट्याची कापसाची पात वेचून संपली नव्हती. यातच गुंडाळला त्याले. तुह्या बापाले लाज वाटली, त्यानं दाखल्यावर घर लिवलं. मी म्हनो वावरात झाला, तर सासू म्हने, बाई भरमली. म्हनून अठरा वर्सं तसंच ठेवलं होतं."

"तू सांग ना माय. लोक ऐकतील."

"काय दाखवून सांगू? हे?" तिने पांढरंशुभ्र फडकं माझ्यापुढे धरलं. मग पावडरवाल्या बाईकडे बोट केलं. "इले नावं ठेवता, अन् करता तेच. ते हासून तरी राह्यली."

तेवढ्यात आमच्या गटाची दामिनी माईक घेऊन आली. "इंदूमावशी, बोला ना."

"मले काई नाई सांगाचं."

दुसऱ्या दिवशी पेपरात आईचा फोटो आला. पत्रकाराने तिच्या मांडीवर कुणाचं तरी बाळ ठेवलं होतं. खाली ओळ होती: 'लेकीच्या कौतुकाला आलेली माउली.' शेतमजूर हा शब्द कुठेच नव्हता.

आईने फडकं परत मागितलं. भिंतीवर तिच्या नावाची चिठ्ठी तेवढी राहिली.

आठ दिवसांनी दामिनीचा फोन आला. प्रदर्शन अकोल्याला जाणार होतं, फडकं हवं होतं. मी वावरात गेले. आईने तेच कंबरेला बांधलं होतं. कापसाने भरून ते फुगलं होतं, एका कडेला पाल्याचा हिरवा डाग पडला होता.

"जपून ठेवायचं होतं ना, माय."

"आता काय जपाचं त्यात?" तिचे हात थांबले नाहीत. "अकोल्याले त्या पावडरवालीले न्या."